सबवूफर घेताना शेजारची भिंतही मोजा

रमजान ईदला आमच्या भऱ्याच्या घरात मोठा टीव्ही आला आणि मुलांनी हट्ट धरला, "आता सबवूफर हवाच!" दुकानदाराने १२ इंची डबा दणक्यात वाजवून दाखवला. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॉटचा आकडा छापलेला होता. आम्ही भुललो आणि घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी शीरखुर्म्याचा डबा परत द्यायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "मुलांनो, रात्री आमच्या मांडणीवरची भांडी वाजत होती रे. काकांचं बायपास झालंय ना, दचकून उठले." सुरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हाला जास्त लागलं. शेजाऱ्याचा हक्क आपण मुलांना तोंडाने शिकवतो आणि घरात मात्र भिंत हादरवतो, हे कसं चालेल?

मग नीट समजून घेतलं. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सबवूफरचं काम त्यातल्या अगदी खालच्या, २० ते १०० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाचं. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते. एवढ्या लांब लहरीला पडदे, गालिचा अडवू शकत नाहीत. ती भिंतीतून, फरशीतून पलीकडे जाते. पत्र्याचं छप्पर असेल तर तेही थरथरतं. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ज्या पद्धतीने हे मोजमाप होतं त्यात खालचा घुमारा फार कमी धरला जातो. म्हणजे मीटर गप्प राहील, पण शेजाऱ्याच्या छातीत धडधडेल.

म्हणून निवड करताना या गोष्टी पाहाव्यात :

पीएमपीओचा आकडा विसरा, 'आरएमएस' वॉट विचारा. सतत किती ताकद मिळते, ते त्यावरून कळतं.

दहा-बारा फुटांच्या हॉलला ८ इंची सबवूफर सहसा पुरतो. बंद पेटीचा आवाज आटोपशीर असतो, त्यामुळे गाण्यासाठी तो बरा. भोक असलेल्या पेटीतून तेवढ्याच ताकदीत जास्त दणका मिळतो. तो सिनेमातल्या स्फोटांना शोभतो, पण लहान खोलीत घुमतो.

कोपऱ्यात ठेवला की घुमारा वाढतो. आधी सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवून वाजवा आणि खोलीत फिरून ऐका. जिथे आवाज स्वच्छ वाटेल, तिथे तो मांडा. सामाईक भिंतीला मात्र चिकटवू नका. खाली जाड रबर किंवा फोम घाला.

मोठ्या स्पीकरसोबत 'क्रॉसओव्हर' ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. पुरुषाचा आवाज साधारण त्याच्या वरच सुरू होतो. क्रॉसओव्हर फार वर नेला तर कारींची तिलावत किंवा नात मडक्यातून आल्यासारखी ऐकू येते. दोष बहुतेक वेळा पठण करणाऱ्याचा नसतो, या बटणाचा असतो. स्पीकर अगदी लहान असतील तर थोडं वर न्यावं लागतं.

संगीताबाबत आलिमांमध्ये मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या घरचा निर्णय घ्यावा. पण तिलावत असो, कव्वाली असो की सिनेमा, आवाज आपल्या उंबऱ्याच्या आत ठेवण्याबद्दल मतभेद असण्याचं कारण नाही. सूरह लुकमानमध्ये आवाज खाली ठेवण्याची शिकवण आहे आणि सूरह निसामध्ये जवळच्या व दूरच्या, दोन्ही शेजाऱ्यांशी भलेपणाने वागण्याची ताकीद आहे.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. थोडं नुकसान सोसून आम्ही ८ इंची बंद पेटीचा सबवूफर बदलून घेतला. मांडल्यावर मुलांना टीव्हीपाशी बसवलं आणि आम्ही मावशींच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. इकडे सिनेमा चालू होता, तिकडे मांडणीवरचे तांबे गप्प होते. मावशींनी चहा टाकला. काकाही बाहेर येऊन बसले.

इशानंतर मात्र सबवूफर बंद, हा नियम मुलांनी स्वतःच ठरवला आहे. तुम्हीही घेतलात तर त्याची परीक्षा आपल्या सोफ्यावर बसून करू नका. शेजारच्या स्वयंपाकघरात जाऊन करा.