टीएमसीला क्युसेकने भागा, वेळ निघेल

पावसाळा आला की इंदापूर-बारामतीकडे दोन आकड्यांची चर्चा असते: उजनी धरणात किती टीएमसी आणि भीमेत किती क्युसेक. बोलण्याच्या भरात दोन्ही एकाच पंगतीला बसतात. ‘काल वीस हजार क्युसेक पाणी गेलं’ असं कुणी म्हटलं, तर एवढंच विचारावं: किती वेळ?

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हा साठा. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, हा प्रवाह. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी आहे. तीन हजार क्युसेकने सोडला, तर किती दिवस पुरेल? गुणायचं की भागायचं, असा घोळ झाला तर एककं लिहून पाहावीत. गुणलं तर घनफुटाचा वर्ग भागिले सेकंद उरतो, म्हणजे कशाचंच माप नाही. भागलं तर घनफूट कटतात आणि फक्त सेकंद उरतात: १ कोटी ७८ लाख, म्हणजे सुमारे २०६ दिवस. बाष्पीभवन अर्थातच यात धरलेलं नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते थोडंथोडकं नसतं.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्याला याहून सोपा हिशेब जमतो. एक क्युसेक तासभर वाहिलं की ३,६०० घनफूट पाणी होतं. एकरभर रानात इंचभर पाणी उभं करायला ३,६३० घनफूट लागतं. फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे अर्ध्या क्युसेकची चारी आठ तास मिळाली, तर एक एकर चार इंच भिजेल, तेही झिरप सोडून. त्यात पाच एकर तेवढेच भिजवायचे म्हणणाऱ्याचा हिशेब पाच पट चुकलेला असतो.

मात्र काही चुका एककांच्या या चाळणीतून सुटतात. १९९९ साली ‘नासा’चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं. एका बाजूचे आकडे पाउंड-बल-सेकंदांत होते, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंदांत धरले. राशी तीच, पण आकडा साडेचार पट चुकीचा.

उजनीतही ५३.५ ऐवजी ११७ टीएमसी हा एकूण साठा धरला, तरी उत्तर दिवसांतच येतं: ४५१. एककं चोख, उत्तर फसवं. कारण निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठा आहे. टक्केवारीला तर एककच नाही. उजनी ‘उणे २० टक्के’ झाली, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या २० टक्क्यांइतकं, १०.७ टीएमसी पाणी मृतसाठ्यातून गेलं. तरी धरणात सुमारे ५३ टीएमसी शिल्लक असतं.