बोलण्याआधी ऐकावे

क्रेन चालविणाऱ्याला खालचा माणूस नेहमी दिसतोच असे नाही. तेव्हा दोघांच्या हातांतील वॉकीटॉकीवरच माल आणि जीव तोललेले असतात. या यंत्राचा स्वभाव ओळखला पाहिजे: बटण दाबले की बोलता येते, पण ऐकता येत नाही. म्हणून आधी कोणी बोलत नाही ना, ते ऐकावे, बटण दाबून क्षणभर थांबावे, थोडक्यात बोलावे, ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडावे. एकाचे बटण दाबलेले राहिले, तर त्या चॅनेलवर कचेरीतल्या बेस स्टेशनची ‘थांबा’ ही हाकसुद्धा बुडते. पाळी संपताच सेट चार्जरवर ठेवावा. चार्ज केलेली बॅटरी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. हेल्मेटइतकाच तो आमचा हक्क आहे. आणि बटण वेळेवर सोडणे हे आमचे कर्तव्य!