जुन्या होडीत नव्या सोयी

कोल्हापुरात समुद्र नाही, रंकाळा आहे. पण होडीचा तोल दोन्हीकडे सारखाच. समजा, जुन्या, लहान शिडाच्या होडीत आपल्याला पाण्याची टाकी, बॅटरी आणि झोपण्याची फळी बसवायची आहे. ही वजने कुठे ठेवावीत?

होडी कलली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो. पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो आणि होडीला सरळ करतो. गुरुत्वमध्य जितका खाली, तितका हा परिणाम मोठा. म्हणून टाकी व बॅटरी तळाशी, मध्याजवळ, घट्ट बांधावीत. टोकांना वजन ठेवले तर लाटांवर होडीचे पुढे-मागे होणारे हेलकावे वाढतात. टाकीत आडपडदेही हवेत. नाहीतर अर्ध्या टाकीतले पाणी कललेल्या बाजूला धावते आणि होडी आणखी कलते.

सोय मोडली तर? मुंबईत सागवानात बांधलेली 'सुहेली' जेमतेम 32 फुटी. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, न थांबता, 312 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलियाजवळ तिचे वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू निकामी झाले. मग शिडांचा तोल जुळवून त्यांनी नौका मार्गावर ठेवली. मूळचा तोल चांगला होता, म्हणून हे जमले.

वर्गासाठी आम्ही एक प्रयोग सुचवतो. प्लास्टिकचा उभट डबा टबात तरंगवा. चार नट आधी तळाशी, मग झाकणावर चिकटवा आणि दोन्ही वेळा डबा बोटाने कलवा. फरक विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.