आठ इंचांची शेव्हरोले

१९५७ सालची शेव्हरोले बेल एअर २०० इंच लांब होती. १:२५ प्रमाणातली तिची प्लॅस्टिकची प्रतिकृती बरोबर आठ इंच भरते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले ११५ इंचांचे अंतर प्रतिकृतीत ४.६ इंचांवर येते. बॉनेट उचलले की आत व्ही-८ इंजिन, उलटी धरली की चासी आणि सायलेन्सर, दारातून डोकावले की डॅशबोर्डवरची घड्याळे. खोक्यात मात्र यातले काहीच जोडलेले नसते. प्लॅस्टिकच्या दांड्यांना लटकलेले सुटे भाग, थोड्या काचा, चार टायर, चिकटचित्रांचा कागद आणि जोडणीचे पत्रक एवढाच ऐवज मिळतो. गाडी बनवायची ती घेणाऱ्याने.

या छंदाचे मूळ खेळण्यांच्या दुकानात नाही, मोटारविक्रेत्यांच्या काउंटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दर वर्षी गाड्यांचे रूप बदलणाऱ्या अमेरिकी कंपन्या नव्या मॉडेलची जाहिरात म्हणून विक्रेत्यांकडे छोट्या तयार प्रतिकृती ठेवू लागल्या. गाडी पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातात ती पडली की अर्धे काम होई. डेट्रॉइट परिसरातल्या ‘एएमटी’ आणि ‘जो-हान’ या कंपन्या अशा प्रतिकृती बनवत. १९४८ मध्ये सुरू झालेल्या एएमटीच्या मूळ नावात अ‍ॅल्युमिनियम असले, तरी ती लवकरच प्लॅस्टिककडे वळली. सुरुवातीचे अ‍ॅसिटेट प्लॅस्टिक काही वर्षांत वाकडे होई. त्या काळातल्या कित्येक प्रतिकृतींची पाठ आज धनुष्यासारखी दिसते. पुढे पॉलिस्टायरिन आले आणि हा दोष गेला.

१९५८ मध्ये एएमटीने तीच बॉडी सुट्या भागांत विकायला काढली. ‘थ्री-इन-वन’ किटातून कारखान्यातून निघालेली गाडी, हौसेने रूप बदललेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, यांपैकी कोणतीही एक बनवता येई. जादा बंपर, जादा चाके, जादा कार्ब्युरेटर खोक्यातच असत आणि उरलेले भाग पुढच्या गाडीसाठी डब्यात जात. शाळकरी मुलांनी ही कल्पना उचलून धरली. लवकरच मिशिगनमध्येच ‘एमपीसी’ ही आणखी एक कंपनी निघाली. कॅलिफोर्नियातली ‘रेव्हेल’ आणि शिकागोजवळची ‘मोनोग्राम’ या मात्र विक्रेत्यांच्या प्रतिकृतींतून आलेल्या नव्हत्या. मोनोग्रामने १:२४ हे प्रमाण धरले. फुटाला अर्धा इंच हा त्याचा सोपा हिशेब. त्यामुळे आजही दोन प्रमाणे शेजारी शेजारी नांदतात आणि सुटे भाग एकमेकांना लावू पाहणाऱ्याला वैताग देतात.

पोलादी साचा कोरणे हे या धंद्यातले सर्वांत महाग काम. म्हणून कंपन्या दर वर्षी नवा साचा न करता जुनाच कोरून-बदलून पुढच्या वर्षाची गाडी काढत. १९६२ चा साचा १९६३ चा झाला की १९६२ ची गाडी कायमची गेली. त्या काळातल्या कित्येक किटांची फेरआवृत्ती निघू शकत नाही आणि न उघडलेल्या जुन्या खोक्यांना मोठी किंमत येते, ती यामुळेच.

कोणत्या गाड्यांची किटे निघाली हेही पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या बेल एअरमध्ये सर्वाधिक खपली ती चार दारांची साधी सेडान, सुमारे अडीच लाख. उघड्या टपाची गाडी पन्नास हजारांच्या आतच राहिली. किटांच्या खोक्यांवर मात्र उघड्या टपाच्या किंवा दोन दारांच्या, मधला खांब नसलेल्या हार्डटॉप गाड्याच दिसतात. चार दारांची सेडान क्वचित आणि कुटुंबाला घेऊन फिरणारी स्टेशन वॅगनही फारशी नाही. वडील चालवत ती गाडी मुलाला बनवायची नव्हती. त्यामुळे या खोक्यांत अमेरिकेच्या रस्त्यांचा नव्हे, तिच्या हौसेचा इतिहास सापडतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेल्या आणि मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेल्या डॉज-प्लिमथ गाड्याही त्या दुर्लक्षित चार दारांच्या गोतातल्याच. ही उणीव आता छोटे कारागीर भरून काढतात. ते रेझिनमध्ये बॉडी ओततात किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापतात आणि ती बाजारातल्या किटाच्या चासीवर बसवली जाते.

बांधणीची सुरुवात साबणाच्या पाण्याने होते. भाग साच्यातून सुटावेत म्हणून लावलेले तेल अंगावर राहिले तर रंग धरत नाही. मग साच्याचे दोन भाग जिथे मिळाले तिथली बारीक रेघ तासायची, खळगे लांबीने भरायचे, प्रायमर मारायचा. प्रायमर टाळला तर लॅकर रंग प्लॅस्टिकला खातो. लाल प्लॅस्टिकच्या बॉडीला पांढरा रंग द्यायचा असेल तर आणखी सावध राहावे लागते, कारण खालचा लाल वर झिरपून पांढऱ्याचा गुलाबी करतो.

रंगातच खरी परीक्षा आहे. प्रतिकृतीवर एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर खऱ्या गाडीच्या मापाने तो अडीच मिलिमीटर होतो. दारांच्या फटी बुजतात, डिकीवरची अक्षरे पुसट होतात. म्हणून एअरब्रशने किंवा स्प्रे कॅनने पातळ थर, मध्ये वाळण्यासाठी वेळ, शेवटी २००० नंबर आणि त्याहून बारीक वॉटर पेपरने पाण्यात घासणे आणि पॉलिश. धातूची झाक असलेल्या रंगातले कणही बारीक हवेत. गॅरेजमधला रंग जसाच्या तसा मारला तर गाडीवर चमचम टिकल्या लावल्यासारख्या दिसतात.

पन्नाशीच्या दशकातल्या गाड्यांचा दागिना म्हणजे क्रोम. किटातले बंपर आणि जाळी चकचकीतच येतात, कारण निर्वात पेटीत त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. पण हा मुलामा खरवडल्याशिवाय गोंद धरत नाही, आणि दांडीवरून भाग कापला तिथे प्लॅस्टिकचा पांढरा डाग उघडा पडतो. दारांवरच्या आणि खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या तर बॉडीतच ओतलेल्या असतात. त्यांच्यावर मागे चिकट असलेला अतिशय पातळ धातूचा पत्रा लावायचा, काडीने घोटायचा आणि नव्या कोऱ्या ब्लेडने कडेने कापायचा. ब्लेड जुने असेल तर पत्रा फाटतो. हात घसरला तर रंगावर ओरखडा. चांगली आणि साधारण प्रतिकृती यांतला फरक बहुतेक वेळा याच पट्ट्यांत दिसतो.

इंजिनात अभ्यास दाखवता येतो. त्या काळातल्या शेव्हरोलेच्या व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला असतो, तर साठच्या दशकातल्या फोर्डच्या लहान व्ही-८ चा पुढे. बेल एअरचे व्ही-८ नारिंगी रंगाचे, फोर्डची इंजिने १९६६ पासून निळी. प्लगच्या आठ वायरी १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने जोडणारेही महाभाग आहेत, जरी बॉनेट खाली पडल्यावर ते कोणाला दिसत नाही.

पॉलिस्टायरिनचा गोंद खरे तर चिकटवत नाही. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो, आणि म्हणून काचेवर सांडला तर काच कायमची आंधळी होते. काचांसाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंदच बरा. गोंदातल्या टोल्युईनचा वास नशेसाठी घेण्याचे वेड साठच्या दशकात अमेरिकी मुलांत पसरले, तेव्हा असा गोंद बनवणाऱ्या टेस्टर्स कंपनीने त्यात मोहरीच्या तेलाचा झोंबणारा अर्क घातला. गोंदाचे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे.

एएमटी आणि एमपीसी ही नावे आज इंडियाना राज्यातल्या ‘राउंड टू’ कंपनीकडे आहेत. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एकत्र आल्या आणि आता रेव्हेलची मालकी जर्मनीत आहे. जुन्या साच्यांतली बरीच किटे त्यामुळे नव्या खोक्यांत मिळतात. नवशिक्याने तीच घ्यावीत, खोक्यावर छापलेली कौशल्याची पातळी पाहून. पहिली पातळी म्हणजे गोंदाशिवाय दाबून बसणारे भाग. जुने, न उघडलेले खोके हाती लागले तर आधी टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत. त्या विनाइलमधले द्रव्य हळूहळू बाहेर येऊन शेजारचे प्लॅस्टिक वितळवते, आणि अशा खड्ड्यांना लांबीसुद्धा नीट भरून काढत नाही.