वॉल्ट्झ, दादरा आणि संयोजकाची लेखणी

हिंदी चित्रपटसंगीताचा अभ्यास आपल्याकडे बहुधा गीतकार, संगीतकार व गायक या त्रयीभोवती फिरतो. वाद्यवृंदासाठी चाल लिहून काढणारा संगीत संयोजक त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात वॉल्ट्झ या नृत्यसंगीताच्या आधारे त्याच्या कार्याचा विचार केला आहे.

'बरसात' (१९४९) मध्ये राज कपूर व्हायोलिनवर जी धून वाजवतात, ती मूळची रुमानियाच्या इवानोविची यांची 'डॅन्यूबच्या लाटा' (१८८०) ही वॉल्ट्झ. वाल्डटॉयफेल या फ्रेंच संगीतकाराने १८८६ मध्ये तिची वाद्यवृंदासाठी नवी मांडणी केली. १९४६ मध्ये 'द जोल्सन स्टोरी' या अमेरिकन चित्रपटात ती गीतरूपाने अवतरली. म्हणजे मुंबईस पोहोचण्यापूर्वीच ती अनेक संयोजकांच्या हातांखालून गेली होती.

वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांचा एक खंड असतो. पियानोवादकाचा डावा हात पहिल्या मात्रेस खर्जातील एक स्वर देतो व उरलेल्या दोन मात्रांस कॉर्ड. आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन विभागांचा. गणित जुळते, चलन मात्र जुळत नाही. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर काल येतो, तबला तेथे हलका होतो. वॉल्ट्झचा खर्ज नेमका तेथेच पुन्हा वजन टाकतो. हा पेच कागदावर सोडवणे हे संयोजकाचे खरे काम.

या कामास गिरगावचा परिसर अनुकूल होता. फणसवाडीपासून एकीकडे ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बा. र. देवधरांचे संगीत विद्यालय, तर दुसरीकडे धोबीतलावास गोमंतकीयांचे कूड आणि १८६५ पासूनचे फुर्टाडो यांचे वाद्यांचे दुकान. दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक या कुडांत उतरत. अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसोझा ही त्या गोमंतकीय परंपरेतील ठळक नावे. गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयात रागाधारित सिंफनीचा प्रयोग केला. (त्याची दखल आपल्या संगीत विभागांनी फारशी घेतलेली नाही, हे नमूद करावेसे वाटते.)

शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन वाद्यवृंद लिहीत आणि दत्ताराम वाडकर ठेका सांभाळत. 'अनाडी' (१९५९) मधील 'दिल की नजर से' या वॉल्ट्झच्या चालीतील युगुलगीताकडे या दृष्टीने पाहता येईल. श्रेयनामावलीत मात्र दोघेही 'सहायक' या एकाच शब्दाखाली येतात. खर्ज कोणी लिहिला आणि ठेका कोणी बांधला, हे त्या शब्दावरून कळत नाही.