बाग बघा, आधी घसरगुंडीला हात लावा

पुण्यात पाहुणे आले की पोरांना सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कात नेतात, ते १९५६पासून धावणाऱ्या ‘फुलराणी’ या छोट्या आगगाडीसाठी. मुंबईत तोच मान मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातल्या ‘म्हातारीचा बूट’ या बुटाच्या आकाराच्या घराचा. रोजच्या खेळाला मात्र घराजवळची, चालत जाता येईल अशी बागच खरी. ती निवडताना झोपाळ्याखाली काय आहे ते बघा: वाळू किंवा रबरी गाद्या चांगल्या, फरशी किंवा काँक्रीट असेल तर सरळ दुसरी बाग शोधा. पत्र्याची घसरगुंडी एप्रिल-मेमध्ये चटका देते. आधी आपला तळहात टेकवून पाहावा. बऱ्याच पालिका उद्यानांना दुपारी कुलूप असते. फाटकावरची वेळ वाचून, स्वच्छतागृह उघडे आहे ना, तेही विचारून घ्या.