रत्नागिरीतला थिबा राजवाडा आणि ब्रह्मदेशाची गोष्ट

गेल्या आठवड्यात रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या गच्चीवर उभा होतो. समोर खाडी, पलीकडे समुद्र. शेजारी एका मुलीने वडिलांना विचारलं, "बाबा, हा राजा कुठला?" म्हणून ही पोस्ट.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. सागवानाच्या व्यापारात इंग्रज कंपनीला त्याच्या दरबाराने मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना हे निमित्तच मिळालं. खरी भीती होती ती तिथे फ्रेंचांचा प्रभाव वाढण्याची.

नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रज फौज इरावती नदीतून बोटींनी निघाली. दोन आठवड्यांत मंडाले पडलं. 1 जानेवारी 1886 ला राज्य खालसा झालं.

राजधानी पडली, पण माणसं हरली नव्हती. राजपुत्र, गावचे मुखिये, बौद्ध भिक्खू जंगलांतून लढत राहिले. इंग्रज त्यांना 'डाकू' म्हणत. गावं जाळली, बंडखोरांच्या नातेवाइकांना गावाबाहेर हलवलं, तरी प्रतिकार मोडायला काही वर्षं लागली.

थिबाला 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. हा राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये. 1916 मध्ये इथेच त्याचं निधन झालं. मायदेश पुन्हा दिसला नाही.

त्याआधी 1858 मध्ये दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला धाडलं होतं. राजाला प्रजेपासून तोडायचं, ही त्यांची ठरलेली रीत.

रत्नागिरीला गेलात तर राजवाड्याबरोबर थिबाची समाधीही आवर्जून पाहा.